सीटचा दोष

माझ्या डाव्या बुटावर एक काळा डाग आहे. गिअरची दांडी बुटाच्या वरच्या बाजूला पुन्हा पुन्हा घासून तो पडतो. मोटरसायकल चालवणाऱ्या बहुतेकांच्या डाव्या बुटावर असा डाग असतो. माझा पूर्वी अंगठ्याच्या मुळाशी होता, वाटाण्याएवढा. गेल्या वर्षभरात तो लांबट झाला आणि घोट्याच्या दिशेने दोन बोटं सरकला. म्हणजे मी पाय दांडीखाली पूर्वीपेक्षा खोल घालत होते. दांडी लागली हे कळण्यासाठी ती आणखी आत यावी लागत होती.

हे मी बूट पुसताना पाहिलं. मग दुसरा बूट पुसला आणि दोन्ही जागेवर ठेवून दिले.

कारण मला माहीत होतं. डॉक्टरबाईंनी नादकाटा टेबलावर आपटून माझ्या डाव्या अंगठ्यावर टेकवला होता आणि म्हणाल्या होत्या, "थरथर थांबली की सांगा." मी लगेच म्हणाले, "थांबली." त्यांनी तोच काटा उचलून माझ्या मनगटावर ठेवला. तो चांगलाच थरथरत होता.

"नसांचं दुखणं आहे," त्या म्हणाल्या. "हळूहळू वर सरकेल. कारण सापडेलच असं नाही. औषधाने मुंग्या कमी होतील, गेलेली जाणीव परत येणार नाही."

"मी मोटरसायकल चालवते."

"किती?"

"दरवर्षी लांबच्या सहली. नवरा मागे असतो."

त्यांनी नादकाटा खणात ठेवला. "चालवायची की नाही ते तुम्ही ठरवा. फक्त मागे कुणाला बसवून ठरवू नका."

मी घरी आले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हणाले, "बसण्यात दोष आहे. सीट बदलून बघू." त्या बाई सीटबद्दल एक अक्षरही बोलल्या नव्हत्या.

नवऱ्याला गाडी येत नाही. चष्म्यांच्या दुकानात तो लोकांच्या काचा घासतो, पण त्याचा स्वतःचा एक डोळा लहानपणापासून अधू आहे. समोरची गाडी किती लांब आहे हे त्याला कळत नाही. लग्न ठरलं तेव्हा त्याच्या काकांनी मला विचारलं होतं, "बायकोच्या मागे बसून फिरणारा नवरा चालेल का?" त्यावर तोच म्हणाला होता, "चालणार नाही काका, बसणार." तेव्हापासून तो बसला आहे. रस्ता तो सांगतो, पाण्याची बाटली तो पुढे करतो, चढावर बेसूर गातो. कुणी काही बोललं की म्हणतो, "मी सामान आहे. बोलकं सामान."

या वर्षी आम्ही डोंगरापलीकडे जाणार होतो. खिंडीतून वर जाणारा, एका बाजूला कठडा नसलेला तो रस्ता गेली कित्येक वर्षं आमच्या बोलण्यात होता. कधी त्याची रजा नसे, कधी माझी. या वेळी दोघांची जुळली होती. माझी नणंदही तिची गाडी घेऊन येणार होती. न जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक सोडून.

सीट शिवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. त्यांचं दुकान गॅरेजांच्या गल्लीत शेवटचं. पुढे रेक्झीनचे गुंडाळे उभे केलेले, आत लाकडी फळ्यांचा रुंद, बसका ओटा, त्यावर शिलाई मशीन आणि फोम घासायचं चाक. भिंतीला सोललेल्या सीटचे सांगाडे टांगलेले. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ते मशीनवर वाकून कसलीशी कड शिवत होते.

"काय त्रास आहे?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"बधिर होतं," मी म्हणाले.

"कोण बधिर?" त्यांनी पायडलवरचा पाय उचलला. "येतं हो ऐकू मला. मशीन चालू असलं की नाही येत. मशीन चालू असताना तुम्हाला तरी येतं का?"

नवरा हसू दाबत म्हणाला, "तुम्ही नाही हो मास्तर. हिचा पाय."

"मग पाय बधिर म्हणा की. नुसतं बधिर म्हटलं की मला वाटतं घरूनच फोन आलाय."

त्यांनी मला गाडीवर बसवलं, मागून पाहिलं, बाजूने पाहिलं, मांडीखाली हात घालून सीटची कड चाचपली. त्यांचं निदान तयार होतं. कंपनीचा फोम म्हणे दुकानात बसून बघण्यासाठी केलेला असतो, रस्त्यावर बसण्यासाठी नाही. तो मध्ये दबतो, मग कडा वर येतात, मांडीच्या आतली नस दाबली जाते आणि पाय झोपतो. "झोपलेले पाय उठवणं हाच माझा धंदा आहे," ते म्हणाले. "कडा उतरवतो, मध्ये कडक फोम भरतो, वर मऊ थर देतो. खिंड चढून उतराल आणि विचाराल, मास्तर, पाय कुठे गेला? इतका हलका."

"दोन्ही पाय झोपतात की एकच?" हे त्यांनी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही.

नवरा मात्र खूश होता. त्याने सीटसाठी रेक्झीन निवडलं: पुढे काळं, मागे फिकट, घसरू नये म्हणून बारीक खडबडीत. मला विचारलं, "शिलाई लाल घ्यायची की राखाडी?" मी म्हणाले, "राखाडी." लाल म्हणाले असते तरी चाललं असतं. त्या दिवसांत मला दोन गोष्टींमधला फरक कळत असे, पण त्यातली एक हवी आहे असं वाटत नसे.

नवी सीट चांगली झाली. हे मुद्दाम सांगते. कंबर दुखायची थांबली, मांड्या अवघडायच्या थांबल्या. डावा पाय तसाच राहिला. नवऱ्याने विचारलं, "मुंग्या?" मी म्हणाले, "कमी वाटतात." मग काही दिवसांनी म्हणाले, "सामानाचं वजन बदललं तर बरं होईल बहुतेक."

त्यावरून घरात सामानाचं प्रकरण सुरू झालं. बाहेरच्या खोलीत जमिनीवर सगळं मांडलं होतं: गेल्या खेपेच्या दोन कापडी बॅगा, नणंदेने आणलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या पेट्या, टाकीवर बसवायची छोटी बॅग, तंबू, पंक्चरचं सामान. नणंद मांडी घालून मध्ये बसली होती. ती माझ्यापेक्षा लहान आहे, पण मी तिला थट्टेने वन्सं म्हणते आणि तिला ते आवडतं.

"वहिनी, पेट्याच घे. कुलूप लागतं, पाणी जात नाही, वर बसून चहा पिता येतो."

"कापडीच बऱ्या," मी म्हणाले.

"का पण? त्या जुन्या झोळ्यांना पावसात गोणपाटाचा वास येतो. दादाच्या कपड्यांना तर कायमचा लागलाय."

"तो माझा स्वतःचा वास आहे," नवरा म्हणाला.

"तू गप रे. सामानाला मत नसतं."

"पेटी कडक असते," मी म्हणाले. "गाडी एका बाजूला पडली तर पाय तिच्याखाली अडकतो. कापडी बॅग दबते."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याने हातातली दोरी खाली ठेवली. "तू कधी पाडलीस गाडी?"

"नाही पाडली."

"मग?"

"वजनाचंही आहे. डावीकडे जास्त होतं म्हणून पाय अवघडतो."

मी स्वयंपाकघरातून ताणकाटा आणला आणि एकेक वस्तू त्याला लटकवून डावी-उजवीकडे वाटू लागले. नणंद म्हणाली, "सीट झाली, आता बॅगा. उद्या म्हणशील रस्त्याचं डांबर बदला. वहिनी, राग मानू नकोस हां, पण नाचता येईना अंगण वाकडं!"

नवरा मोठ्याने हसला. मीही हसले. हसण्याची जागा कुठे येते ते मला ठाऊक असतं.

"आमच्या वहिनीला नाचता येत नाही असं म्हणणाऱ्याची जीभ झडो," नणंद स्वतःच म्हणाली आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "अगं, तुझ्या जिवावर तर मी खिंडीत येतेय. तू पुढे असलीस की मला वळणं बघावी लागत नाहीत, तुझं मागचं चाक बघितलं की झालं."

मी मापनयंत्रं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. लोकांचे वजनकाटे, तापमापक, दाबमापक आमच्याकडे येतात आणि ते खरं बोलतात की नाही ते आम्ही पाहतो. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते: एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केलेत तर उत्तर मिळेल, पण ते कशाचं उत्तर आहे हे कळणार नाही. आणि घरी मी सीट आणि सामान यांचे बदल एकमेकांवर चढवत होते. सीटचा निकाल लागायच्या आत बॅगा बदलल्या, बॅगांचा निकाल लागायच्या आत टायरमधली हवा. ही चूक अडाण्याची नव्हती. प्रयोग कसा करतात हे नीट माहीत असलेल्या माणसालाच तो असा बिघडवता येतो.

शेवटी कापडी बॅगाच ठरल्या. नणंदेने स्वतःच्या पेट्या स्वतःच्या गाडीला लावल्या.

निघायच्या आधी सामान लादून एक फेरी मारायची आमची पद्धत आहे. आम्ही शहराबाहेरच्या धरणापर्यंत गेलो आणि परत फिरलो. मोकळ्या रस्त्यावर सगळं ठीक होतं. गिअर टाकताना मी खाली बघत होते, पण आरशात बघितल्यासारखं करत बघत होते. पाठीमागे नवरा खिंडीतल्या मुक्कामाबद्दल बोलत होता. तिथल्या विश्रामगृहाला म्हणे खिडक्या फक्त एका बाजूला आहेत.

पेट्रोलपंपाच्या वळणावर समोरचा ट्रक अचानक थांबला. मीही थांबले, डावा पाय खाली टेकवला. टेकवला असं मला वाटलं. खरं तर तो रस्त्याच्या कडेच्या दगडावर निम्माच पडला होता आणि घोटा बाहेर वळत होता. गाडी डावीकडे कलली. ती कलते आहे हे मला पायाने सांगितलं नाही. समोरची क्षितिजरेषा तिरकी झाली त्यावरून कळलं. नवऱ्याने पटकन उतरून मागची दांडी धरली म्हणून ती पडली नाही.

तो धापा टाकत होता. हेल्मेटची काच वर करून म्हणाला, "डावी बॅग सरकली वाटतं. तरी मी म्हणत होतो तंबू मध्ये बांधू." मग माझ्याकडे नीट बघत, "घाबरलीस?"

मी स्वतःत शोधून पाहिलं. काही सापडलं नाही. काटा शून्यावर असतो तेव्हा दोन शक्यता असतात: ताटलीत काही नाही, किंवा काटा मेलेला आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

"नाही," मी म्हणाले. "सीट उंच झालीय. पाय पुरत नाही नीट. मास्तरांना सांगून थोडी खाली करून घेऊ."

"हां, बरोबर," तो म्हणाला. "त्यांनी फोम जास्तच भरलाय." त्याचा आवाज मोकळा झाला. त्यालाही कारण हवं होतं, आणि मी ते दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा मास्तरांकडे गेलो. त्यांनी कव्हर उचकटलं, पक्कडीने पिना ओढून तिथेच ओट्यावर टाकल्या, फोमचा वरचा थर चाकावर घासून उतरवला. दुकानभर पिवळट भुसा उडाला. मग उघडा फोम लावलेली सीट गाडीवर ठेवून गाडीच ढकलत ओट्यावर, मशीनच्या पुढच्या मोकळ्या जागेत घेतली.

"बूट काढून बसा. उघड्या फोमला टाच लागली तर माझी मेहनत गेली."

मी बूट-मोजे काढले आणि टांग टाकून बसले. दोन्ही पाय खाली सोडले. नवरा समोर स्टुलावर बसून बघत होता, म्हणून मी खाली पाहिलं नाही.

"पूर्ण टेकले?"

"टेकले."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"असं. आता उतरा, जरा चाला, परत बसा. आधीचं बसणं खोटं असतं. माणूस पाहुण्यासारखा बसतो. दुसऱ्यांदा खरं बसतो."

मी उतरले, दारापर्यंत गेले, परत आले. ओट्यावर नवऱ्याने निवडलेल्या फिकट रेक्झीनचा तुकडा पसरलेला होता, त्यावरून गेले. मास्तर त्या तुकड्याकडे बघत राहिले.

"ताई, पाय बघा."

"कुठला?"

"कुठला काय? डावा. रक्त येतंय."

रेक्झीनवर ओळीने लाल ठिपके उमटले होते, पहिला मोठा, पुढचे लहान. मी पाय उचलून उलटा केला. मघाशी उपटलेल्या पिनांपैकी एक तळव्यात, मधल्या बोटाच्या खाली, पूर्ण आत गेलेली होती. फक्त तिची पाठ दिसत होती. मी तिच्यावर उभी राहिले होते, तिच्यावर चालले होते.

"बसा, बसा खाली," मास्तर पक्कड घेऊन आले. "ओढू?"

"ओढा."

त्यांनी ओढली. पिन निघताना मास्तरांनी तोंड वाकडं केलं. नवऱ्यानेही दात आवळून श्वास आत घेतला. माझा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्याच्यात काही बदल झाला नसावा, कारण ते दोघेही त्याच्याकडे बघत होते.

"दुखलं नाही?" नवऱ्याने विचारलं.

"कातडी जाड झालीय," मी म्हणाले. वाक्य तयारच होतं. "उन्हात अनवाणी फिरते ना गच्चीवर."

तो स्टूल सरकवून माझ्यासमोर बसला, माझा पाय उचलून मांडीवर घेतला, रुमालाने पुसला. मास्तरांनी कापसाला काहीतरी लावून दिलं, ते त्याने जखमेवर दाबलं. मग म्हणाला, "वर बघ. छताकडे."

मी छताकडे पाहिलं. तिथे सोललेल्या सीटचा एक सांगाडा टांगलेला होता.

"आता कुठलं बोट धरलंय मी?"

मी विचार केला. अंगठा धरला असता तर पाय थोडा आत वळला असता. करंगळी धरली असती तर बाहेर. तसं काही होत नव्हतं.

"मधलं," मी म्हणाले.

"खाली बघ."

त्याचे दोन्ही हात त्याच्या गुडघ्यांवर होते. त्याने काहीच धरलेलं नव्हतं.

गल्लीत कुणीतरी इंजिन रेझ करत होतं. नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कधीपासून?" त्याने विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाला, "कंपनीची सीट होती तेव्हापासून. हो ना?"

"हो."

"म्हणजे मास्तरांच्या आधीपासून."

"हो."

मास्तर आमच्याकडे पाठ करून कव्हर झटकत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी कव्हर फोमवर चढवलं, चारी बाजूंनी ताणलं, तळवा फिरवून सुरकुती काढली आणि पिनांची बंदूक हातात घेऊन वळले.

"ताई, मान डोलवून चालत नाही माझ्याकडे. तोंडाने सांगायचं. मागे एकजण नुसता हं हं करत राहिला आणि मग म्हणाला, मी कुठे हो म्हटलं होतं? तेव्हापासून गिऱ्हाइकाने बोलल्याशिवाय मी पिन मारत नाही. ही उंची पक्की करू का?"

"जरा थांबा मास्तर," नवरा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, हळू, समजुतीच्या सुरात, "आपण असं करू. निघणं महिनाभर पुढे ढकलू. तोवर औषध घे. तुझ्या वन्संना मी सांगतो, तुझं नाव घेत नाही. सीट काय, नंतरही होईल. बघू की तोपर्यंत काय होतंय ते."

हे मीच त्याला शिकवलं होतं. सगळं वर्ष मी त्याला एकेक ‘बघू’ देत आले होते, आणि आता तो मला एक देत होता. चांगला होता. घेतला असता तर संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं पुन्हा जमिनीवर बॅगा मांडून बसलो असतो.

मास्तर बंदूक धरून उभे होते.

"पिना मारू नका," मी त्यांना म्हणाले. मग नवऱ्याकडे बघत म्हणाले, "पुढे ढकलायचं नाही. तू वन्संच्या मागे बसून जा. मी आता गाडी चालवणार नाही. खिंडीत नाही, इथून घरापर्यंतही नाही."